दादांसाठी प्रार्थना करायची की नाही?

"तुमच्यात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, म्हणजे नेमका फरक काय?" शाळेतल्या सहकारी शिक्षिकांनी, शेजारणींनी, पालकांनी हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला आहे. बहुतेक ख्रिस्ती माणसे त्याचे उत्तर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींनी देतात. एकांना पोप आहे, दुसऱ्यांना नाही. एकांच्या चर्चमध्ये मरियामातेची मूर्ती असते, दुसऱ्यांच्या भिंती मोकळ्या असतात. फादर लग्न करत नाहीत, पाळकसाहेबांना घरसंसार असतो. हे सगळे खरे, पण मूळ भांडण यातल्या कशावरूनच पेटले नव्हते. ते पेटले तारणावरून. माणूस देवापुढे निर्दोष कसा ठरतो, कोणामुळे ठरतो, आणि त्यात त्याचा स्वतःचा वाटा कितीसा, या प्रश्नांनी सोळाव्या शतकात युरोपातले ख्रिस्ती जग दुभंगले. ती चीर पुढे मिशनऱ्यांच्या सामानातून आपल्याकडे आली आणि आजही ती आपल्या घराघरांतून गेलेली आहे.

मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. हे फरक खरे आहेत, ते झाकू नयेत. मुलांना नीट समजावून सांगावेत. आणि ज्या आरोपांवरून आपण एकमेकांना हिणवतो, त्यांतला सर्वांत मोठा आरोप कॅथलिक आणि लुथरन चर्चनीच १९९९ साली लेखी मागे घेतला आहे. ही बातमी मराठी मंडळ्यांच्या बाकांपर्यंत पोचवण्याचे काम आपल्या धर्मगुरूंनी केलेले नाही. ते आता करावे.

माझे माहेर वसईचे, कॅथलिक. सासर नगरचे, सरकारदरबारी आता अहिल्यानगर. सासरची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये. वसईत पोर्तुगीज १५३४ मध्ये आले, नगरला अमेरिकन मिशनरी १८३१ मध्ये. दोन्हीकडचा येशू एकच, पण त्याने आपल्यासाठी काय केले हे सांगण्याची रीत वेगळी, हे मला लग्नानंतर हळूहळू कळत गेले. आणि सासरे वारले तेव्हा ते पुरते कळले.

सासऱ्यांना आम्ही दादा म्हणायचो. बायबल रोज वाचणारा माणूस. त्यांच्या बायबलातल्या रोमकरांस पत्राची पाने तांबड्या पेन्सिलीच्या रेघांनी भरून गेली होती. तिसऱ्या अध्यायात तर समास उरलाच नव्हता. दफनविधी झाला, पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाच्या आशेवर प्रवचन केले, उपासना संगीतातली गीते झाली. रात्री घर शांत झाल्यावर मी सवयीने रोझरी काढली आणि नणंदेला म्हटले, "ताई, दादांसाठी थोडी प्रार्थना करू या का?"

ताई माझ्याजवळ बसल्या, पण म्हणाल्या, "वहिनी, आपल्यासाठी करू, आईसाठी करू. दादांसाठी आता काय मागायचं? ते प्रभूजवळ पोचले."

त्या वाक्यात पूर्ण खात्री होती. माझ्या वसईच्या घरात असे वाक्य मी कधी ऐकले नव्हते. माझी आई कितीही सज्जन माणूस गेले तरी "देवाच्या दयेवर सोपवलंय" एवढेच म्हणायची आणि मिस्सा सांगायला फादरांकडे जायची. महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा, दोन नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या आणि झेंडूची फुले. ताईंना ही दयेबद्दलची शंका वाटे, देवाने दिलेल्या वचनावर अविश्वास वाटे. मला त्यांची खात्री कोरडी वाटे, मेलेल्या माणसाचा हात सोडून दिल्यासारखी. दोघींचेही दादांवर सारखेच प्रेम होते. आमच्यामधला फरक स्वभावाचा नव्हता. त्यामागे चार-पाचशे वर्षांची शिकवण उभी होती.

ती शिकवण मार्टिन ल्यूथरपासून समजून घ्यावी लागते. ल्यूथर ऑगस्टिनियन संघाचा मठवासी, विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकवणारा. तो तासन्‌तास पापनिवेदन करायचा आणि बाहेर आल्यावर राहून गेलेले पाप आठवून पुन्हा अस्वस्थ व्हायचा. न्यायी देवापुढे आपण पुरे पडणार नाही, या धास्तीने तो पोखरला गेला होता. रोमकरांस पत्राच्या अभ्यासात त्याला असे उमगले, की देवाचे नीतिमत्त्व म्हणजे देव ज्या मापाने आपल्याला तोलतो ते माप नव्हे. ते देव ख्रिस्ताखातर आपल्याला फुकट देऊ करतो, आणि आपण विश्वासाने ते घ्यायचे. याच काळात जर्मनीत योहान टेट्झेल पापदंडमाफीची पत्रे विकत होता. त्या पैशांतला अर्धा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला आणि अर्धा मेंझच्या आर्चबिशप आल्ब्रेख्टचे कर्ज फेडायला जात होता. मृत आप्तांची यातनांतून सुटका पैशांवर होते, असा लोकांचा समज करून दिला जात होता. १५१७ च्या ३१ ऑक्टोबरला ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले ते याविरुद्ध.

ल्यूथरच्या शिकवणीचा गाभा असा: देव ख्रिस्ताखातर पापी माणसाला नीतिमान ठरवतो. ते नीतिमत्त्व ख्रिस्ताचे असते आणि आपल्या खात्यावर मांडले जाते. म्हणून विश्वासणारा माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. तारण जर पूर्णपणे ख्रिस्ताच्या कामावर टेकलेले असेल, तर आपल्या कमअस्सलपणामुळे त्याबद्दल शंका घेण्याचे कारण उरत नाही. मृत्यूनंतर आणखी शुद्ध व्हायचे काही शिल्लकच नाही, तर मग मृतांसाठी मागायचे काय? ताईंच्या एका वाक्यात हे सगळे होते.

कॅथलिक चर्चने ट्रेंट इथल्या परिषदेत १३ जानेवारी १५४७ रोजी याला उत्तर दिले. तारण देवाच्या कृपेनेच सुरू होते, हे परिषदेला मान्य होते. पण ती कृपा माणसाला फक्त निर्दोष जाहीर करून थांबत नाही. ती त्याच्या आत उतरते, त्याला खरोखर बदलते, आणि माणूस तिला साथ देतो किंवा देत नाही. हे बदलणे आयुष्यभर चालते, वाढते. मोठ्या पापाने ते गमावता येते आणि पापनिवेदनाच्या संस्कारात परत मिळते. विशेष प्रकटीकरण असल्याखेरीज आपण नक्की तरलो असे कोणी विश्वासाच्या खात्रीने म्हणू नये, असेही परिषदेने सांगितले. बदल अपुरा राहून माणूस गेला, तर देव तो मृत्यूनंतर पुरा करतो, आणि जिवंतांची प्रार्थना त्यात उपयोगी पडते. माझ्या आईचे "देवाच्या दयेवर" आणि तिची ती महिन्याची मिस्सा इथून आलेली आहे.

यात बायबलच्या पुस्तकांचाही प्रश्न आहे. आमच्या घरात दोन बायबले आहेत. माहेरच्यात ७३ पुस्तके, सासरच्यात ६६. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा सर्वांत स्पष्ट दाखला मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी यहूदा मक्काबी यरुशलेमला अर्पण पाठवतो. ते पुस्तक माझ्या बायबलात आहे, दादांच्या नव्हते. आम्ही दोघे वाद घालत असू तेव्हा ज्या पानावर मी बोट ठेवायचे ते पान त्यांच्याकडे नसायचेच.

आता आरोपांकडे येऊ. प्रोटेस्टंट घरांत लहानपणापासून कानावर पडते: कॅथलिक लोक स्वतःच्या कर्मांनी स्वर्ग मिळवू पाहतात. पण त्याच ट्रेंट परिषदेच्या तारणावरच्या ठरावातला पहिलाच नियम असा आहे, की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल, तो चर्चबाहेर. दुसरीकडे कॅथलिक घरांत ऐकू येते: यांचे काय, नुसता विश्वास ठेवायचा, मग कसेही वागायला मोकळे. पण ल्यूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या पुस्तिकेत नेमके उलटे सांगितले आहे. कर्मे माणसाला चांगले करत नाहीत. चांगला झालेला माणूस आपोआप चांगली कर्मे करतो, शेजाऱ्याची सेवा करतो. नगरच्या मिशन शाळांनी आणि दवाखान्यांनी जे केले, त्यामागे हीच प्रेरणा होती. विश्वासाने निष्काळजी झालेली माणसे अशी राबत नाहीत. दोन्ही आरोप ऐकीव आहेत, आणि दोन्ही बाजूंनी दुसऱ्याची कागदपत्रे न वाचता ते पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिले आहेत.

प्रोटेस्टंट म्हणजे सगळे एकाच मताचे, असेही नाही. कॅल्व्हिनच्या परंपरेने, विशेषतः १६१८-१९ च्या डॉर्ट परिषदेने, असे ठरवले की देवाने ज्यांना निवडले ते शेवटपर्यंत टिकतातच. मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली म्हणाला, कृपा सर्वांना देऊ केलेली आहे आणि माणूस तिच्यापासून ढळूही शकतो. बॅप्टिस्टांना लहान बाळाचा बाप्तिस्मा मान्य नाही. ज्याने स्वतः विश्वास ठेवला त्यालाच तो द्यावा. आणि तरीही २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेची मंडळी, मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट असे सगळे त्यात आले. बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा, दोन्ही त्यांनी आपल्यात ठेवले. विदर्भाच्या भूमीवर माणसांनी हे करून दाखवले, याचा मला अभिमान वाटतो.

या वादाकडे लांबून पाहण्याची नजर मला पुण्यात मिळाली. आमच्या इमारतीत मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चचे एक केरळी कुटुंब राहते. त्यांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला मी गेले होते. बाळाला कुंडात बसवून डोक्यावरून तीनदा पाणी घातले, मग सुगंधी पवित्र तेलाने, ज्याला ते मूरोन म्हणतात, त्याला नखशिखान्त माखले आणि लगेच त्याच्या तोंडात पवित्र प्रसादाचा इवलासा कण ठेवला. मी आजीला विचारले, "एवढ्या लहान बाळाला प्रसाद?" वसईत मुले सात-आठ वर्षांची झाली, शिकवणी झाली, की पांढरे कपडे घालून पहिला ख्रिस्तप्रसाद घेतात. नगरला दृढीकरण झाल्याशिवाय प्रभुभोजन नाही. आजी म्हणाल्या, "जेवण म्हणजे काय हे कळल्यावरच बाळाला दूध देतात का?"

पूर्वेकडच्या चर्चची सगळी शिकवण या एका उत्तरात आहे. पश्चिमेत संत ऑगस्टिनने शिकवले, की आदामाच्या पापाचा दोष प्रत्येक माणसाला जन्मतःच लागतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अॅन्सेल्मने लिहिले, की पापाने देवाचा मान दुखावला, ते ऋण माणसाला फेडता येत नव्हते, म्हणून देवाने माणूस होऊन ते फेडले. न्याय, ऋण, दोष, निकाल ही भाषा तिथून कॅथलिकांकडे आली आणि त्यांच्याकडून ल्यूथर-कॅल्व्हिनकडेही. भांडणारे दोन्ही पक्ष त्याच कोर्टात उभे होते. पूर्वेकडे चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसपासून वेगळे सांगितले गेले. आदामाकडून आपल्याला दोष नव्हे, मरण आणि दुबळेपण वारशाने आले. देव माणूस झाला तो माणसाने देवाच्या जीवनात सहभागी व्हावे म्हणून. तारण म्हणजे बरे होत जाणे, देवासारखे होत जाणे, आणि त्याला शेवट नाही. त्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात येशू एकटा कबरीबाहेर येत नाही. तो मृत्युलोकाची दारे पायाखाली तुडवून आदाम आणि हव्वेला मनगटाला धरून कबरींतून वर ओढतो. इस्तंबूलच्या खोरा चर्चमधले चौदाव्या शतकातले असे चित्र प्रसिद्ध आहे. मनगटाला धरून, कारण वर ओढणारा तोच आहे.

मृतांच्या बाबतीत तर ऑर्थोडॉक्स लोक माझ्या आणि ताईंच्या बरोबर मधे उभे आहेत. १४३८-३९ च्या फेरारा-फ्लॉरेन्स परिषदेत लॅटिन पक्षाने मृत्यूनंतरच्या शुद्धीची व्याख्या करून मागितली, तेव्हा इफिससच्या मार्कने तिथल्या शुद्ध करणाऱ्या अग्नीची कल्पना नाकारली. पण मृतांसाठी प्रार्थना मात्र पूर्वेने कधीच सोडली नाही. ग्रीक चर्चमध्ये मृताच्या स्मरणविधीला उकडलेले गहू, साखर, सुका मेवा आणि डाळिंबाचे दाणे घालून केलेले कोलिवा वाटतात. पेरलेला दाणा मेल्याशिवाय उगवत नाही, या येशूच्या शिकवणीची ती आठवण. आपले मृत नक्की कोणत्या अवस्थेत आहेत याचा नकाशा त्यांना लागत नाही. प्रेम मरणापाशी थांबत नाही, तर प्रार्थना का थांबावी, एवढेच ते विचारतात. हे मी ताईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मला समजतं. मला हिशोब खटकत होता, आठवण नाही." आम्ही इतकी वर्षे ज्या गोष्टीवर अडलो होतो, ती नेमकी कोणती हे आम्हा दोघींना तेव्हा कळले.

या फरकांचे सर्वांत जिवंत उदाहरण आपल्याच मातीत आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या गुरू. चर्चने जे शिकवले ते सगळे मुकाट्याने स्वीकारावे, ही अपेक्षा रमाबाईंना मानवली नाही; त्रैक्यापासून बिशपांच्या अधिकारापर्यंत अनेक गोष्टींवर त्यांनी पत्रांतून वाद घातले. पुढे १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळायचा आहे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले. तो अनुभव घेतलेल्या रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना आसरा दिला.

मग रमाबाईंचे तारण कधी झाले? १८८३ मध्ये की १८९१ मध्ये? कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक अँग्लिकन म्हणतील, बाप्तिस्म्याच्या पाण्यातच देवाने त्यांना आपले केले. पुढे उमगले ते आधी मिळालेलेच होते. पुनरुज्जीवनाच्या परंपरेतले पाळक म्हणतील, खरा नवा जन्म नंतरचा. पाणी ही खूण. ऑर्थोडॉक्स आजी कदाचित म्हणतील, त्या अखेरपर्यंत बऱ्या होत होत्या. मला वाटते, यांतले कोणतेही उत्तर रमाबाईंच्या आयुष्याला पुरते झाकत नाही. पाणी नसते तर ती ओढ लागली नसती, आणि ती ओढ पुरी झाली नसती तर केडगाव झाले नसते. म्हणून या परंपरांची एकमेकींना गरज आहे. एकीने देव आधी येतो हे धरून ठेवले, दुसरीने माणसाने हो म्हटले पाहिजे हे, आणि तिसरीने हे काम आयुष्यभराचे आहे हे.

आता १९९९ च्या गोष्टीकडे. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्च यांनी तारणाच्या शिकवणीवरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. कॅथलिक बाजूने कार्डिनल एडवर्ड कॅसिडी, लुथरन बाजूने बिशप ख्रिस्टियान क्राउझे. त्यातला मध्यवर्ती सारांश असा: आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, फक्त कृपेने, ख्रिस्ताच्या तारक कार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि आपल्याला पवित्र आत्मा मिळतो, जो अंतःकरणे नवी करून चांगल्या कर्मांसाठी बळ देतो. या मांडणीतल्या दोन्ही बाजूंच्या शिकवणीला सोळाव्या शतकातले परस्परांचे निषेध लागू होत नाहीत, असे दोन्ही चर्चनी मान्य केले. २००६ मध्ये सेऊलला मेथडिस्ट सामील झाले, २०१६ मध्ये अँग्लिकन कम्युनियनच्या परिषदेने त्याचा गाभा मान्य केला, आणि ५ जुलै २०१७ ला ल्यूथरच्याच विटेनबर्गमध्ये रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने सही केली. सीएनआय अँग्लिकन, मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड या तिन्ही जागतिक कुटुंबांत आहे. म्हणजे नगरचे माझे सासर आणि वसईचे माझे माहेर या मूळ मुद्द्यावर आता एका कागदाखाली आहेत.

हा कागद सगळे मिटवत नाही. मृत्यूनंतरची शुद्धी, पापदंडमाफी, प्रभुभोजन, धर्मगुरूंचा अधिकार हे मतभेद तसेच आहेत. जर्मनीतल्या शंभराहून अधिक प्रोटेस्टंट धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यावर आक्षेप घेतला होता, आणि त्यांच्या काही शंकांत तथ्य होते. पण ज्या मुद्द्यावर युरोपात घरे जळाली, तो मुद्दा आता चर्चच्या फुटीचे कारण उरलेला नाही, असे त्याच चर्चनी म्हणणे ही लहान गोष्ट नाही. आणि तरीही मी वसई, नगर आणि पुण्यात ज्या ज्या मंडळ्यांत वावरले, तिथे हा जाहीरनामा कोणी वाचून दाखवलेला मी ऐकला नाही. "ते कर्माने तरू पाहतात" आणि "यांना वागण्याची पर्वा नाही" ही वाक्ये मात्र ऐकली.

याची किंमत कोणी दिली, हेही मी बोलणार आहे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन, अँग्लिकन मिशन आणि जेज्विट फादर एकाच काळात काम करत होते. त्यांच्याकडे आलेली बहुसंख्य माणसे गावकुसाबाहेरची होती, ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते. त्या माणसांना ख्रिस्ताने माणूसपण दिले, शिक्षण दिले, ही कृतज्ञता आमच्या घरात आजही जिवंत आहे. पण परक्या देशातल्या भांडणाने त्याच भावकीत फळी पडली आणि एकाच आजोबांची नातवंडे एकमेकांच्या प्रभुभोजनाला परकी झाली, हेही तितकेच खरे आहे.

शेवटचा प्रश्न बिगरख्रिस्ती वाचकांच्या मनात असेलच: मग आमचे काय? यावरही चर्चची मते एक नाहीत, आणि ती बदललेलीही आहेत. १४४२ च्या फ्लॉरेन्सच्या ठरावात कॅथलिक चर्चबाहेर तारण नाही असे कठोर शब्दांत म्हटले होते. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, ज्यांना स्वतःचा दोष नसताना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्‌सद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते असे शिकवले. त्याआधी बॉस्टनजवळ लिओनार्ड फीनी नावाचे एक फादर जुन्या ठरावाच्या कठोर अर्थावरच अडून बसले होते. आज्ञाभंगाबद्दल १९५३ मध्ये चर्चने त्यांनाच बाहेर काढले. प्रोटेस्टंटांत ख्रिस्तावर जाणीवपूर्वक विश्वास हवाच असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि निकाल देवावर सोडणारेही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये उभारलेल्या देवाच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तशिष्य येऊ शकत होते. आपल्या मातीतला हा विचार मला अजूनही धीट वाटतो.

माझी मागणी साधी आहे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आणि दृढीकरणाच्या वर्गात मुलांना दुसऱ्या परंपरेची शिकवण त्या परंपरेच्याच शब्दांत सांगा. शक्य तिथे त्या परंपरेचा माणूस बोलावून सांगा. मिश्र विवाह ठरलेल्या जोडप्यांना बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि मृतांची प्रार्थना यांबद्दल लग्नाआधी एकत्र बसवून बोला. बाळ जन्मल्यावर किंवा कोणी गेल्यावर हे प्रश्न घरावर एकदम कोसळतात. अंत्यविधीच्या प्रवचनात दुसऱ्या चर्चवर टीका करू नका. आणि ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या तीन दिवसांत, जेव्हा एकीकडे धर्मसुधारणेचा दिवस असतो आणि दुसरीकडे मृतांचा, गावातल्या पाळकसाहेबांनी आणि फादरांनी एका संध्याकाळी एकत्र बसून ऑग्सबर्गचा जाहीरनामा लोकांना मराठीत समजावून सांगावा. त्याला कोणाच्या परवानगीची आणि फार खर्चाची गरज नाही.

तारण करणारा देव आहे, आपण नाही, यावर तिन्ही परंपरा एकमताने उभ्या आहेत. ते जर आपण खरोखर मानत असू, तर कोण पोचले आणि कोण राहिले याचा निवाडा करण्याचे काम आपल्याकडे येतच नाही. आपल्याकडे येते ते दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्याचे आणि आपल्या मुलांना खरे सांगण्याचे काम, आणि ते करायला आपल्याला मृत्यूची वाट पाहावी लागत नाही.